दोन मिनिटं शांततेची कॉमेंट्री

"अगो, तोंड बंद कर आधी, मग पोराचं अंग पुस," सासूबाई परसातून ओरडत होत्या. "रस्त्यावर माणसं उभी राहिलीत. म्हावरंवाली टोपली उतरवून बसलीय. घरात काय तमाशा लागलाय का?"

तमाशा नव्हता. आंघोळ होती. न्हाणीत पाय लांब करून मी पाटावर बसले होते, माझा चार महिन्यांचा मुलगा माझ्या पायांवर पालथा पडला होता, आणि जे चाललं होतं ते मी सांगत होते, एवढंच. "डावा पाय उचललाय, उचललाय, उजव्याची साथ मिळते का, नाही मिळत, पाणी खांद्यावरून खाली उतरतंय, तोंड उघडलंय, आता रडणार असं वाटतंय, प्रेक्षकहो, आणि नाही, जांभई, निव्वळ जांभई." हे मी मोठ्यानं बोलत होते की हळू, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. माझ्या मते मी कुजबुजत होते. सासूबाईंच्या मते नागावच्या किनाऱ्यावर घोडागाडीचे घोडे बुजले. म्हणजे सासूबाई फक्त "गावभर ऐकू गेलं" एवढंच म्हणाल्या होत्या. घोडे मी जोडले. माझ्या गोष्टींत घोडे असेच मागाहून येतात, तेवढं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

मी कॉमेंट्रीवाली. आमच्याकडे भाताची कापणी झाली, झोडणी झाली, की वावरं मोकळी पडतात. त्यावर रोलर फिरतो, चुन्याच्या रेघा पडतात आणि पेणपासून मुरुडपर्यंत गावोगाव टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं. प्रत्येक गावाचा एक चषक, एक मांडव, झाडाला बांधलेले दोन भोंगे आणि भोंग्यात बोलणारा एक पुरुष. मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या गावच्या सामन्यांना धावा लिहायला बसायचे, अक्षर बरं म्हणून. एकदा बोलणारा वडापाव खायला उतरला आणि नेमका तेव्हाच कुणीतरी षटकार मारला. बॉल बांधावरून उडाला तो सरळ खाजणात, खाडीच्या त्या चिखलात, जिथे पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत जातो आणि चप्पल कायमची जाते. बॉल शोधायला चौघं उतरले. मैदान थांबलं. लोक उठायला लागले. कॉमेंट्रीतली खरी परीक्षा ती. बॉल सापडेपर्यंत बोलत राहायचं आणि माणूस खुर्चीतून उठू द्यायचा नाही. मी माईक उचलला.

काय बोलले ते आठवत नाही. पण बॉल सापडेपर्यंत पंचांची सावली या बाजूची त्या बाजूला गेली, खाजणात उतरलेल्यांपैकी एकाची दाढी वाढली आणि वडापाव संपवून परत आलेला बोलणारा खाली उभा ऐकत राहिला. तो टेम्पोवाला दादा. बर्फाचा टेम्पो चालवतो. त्यानं माईक परत मागितलाच नाही. पुढे कित्येक हंगाम आम्ही जोडीनं बोललो. तो खरं सांगायचा, मी बाकीचं. एसटीत चौलचं तिकीट मागितलं तर अख्खी गाडी मागे वळून बघायची आणि कंडक्टर तिकिटाआधी विचारायचा, "काल शेवटच्या ओव्हरला काय झालं?"

नवरा मला मिळाला तोही माईकवरूनच. तो पहिल्याच बॉलला त्रिफळाचीत झाला आणि मी म्हटलं, "फलंदाज आले, त्यांनी मैदान पाहिलं, मैदानाला ते पसंत पडले नाहीत." भांडायला तो स्टेजपाशी आला. पुढच्या रविवारी परत आला, तेव्हा त्याचा संघ खेळत नव्हता. आता तो कंपनीत पाळ्या करतो, आणि पहिली पाळी असली की उजाडायच्या आत घर सोडतो.

बाळंतपणाच्या खोलीतही मी कॉमेंट्री केली असं गावात सांगतात. ते खोटं आहे. तिथे मी फक्त ओरडत होते. पण त्या खोलीत गेली ती कॉमेंट्रीवाली होती आणि बाहेर आली ती बाळंतीण. डोक्याला फडकं, कानात कापूस, खाटेखाली शेगडी. जो येई तो माझ्याकडे न बघता माझ्या मांडीकडे बघे. दूध पुरतं का, पोट साफ होतं का, रात्री किती वेळा उठतो. माझ्याशी जे बोलायचं ते सगळं त्याच्या पोटातून जात होतं. सव्वा महिना झाला, फडकं सुटलं, आणि मी बाळंतिणीची बाळाची आई झाले. दुकानात, दवाखान्यात, दुधाच्या डेअरीवर. "बाळाच्या आईला जागा द्या." "बाळाच्या आईला उभं नका करू." लोक चांगले होते, हीच अडचण. भांडायचं कुणाशी?

मग हंगाम लागला. आमच्या घरामागे दोन वावरं सोडून मैदान आहे. पहिल्या शनिवारी भोंगा वाजला आणि माझ्या पायांत मुंग्या शिरल्या त्या काही बाहेर येईनात. ओटीवरून परसात, परसातून ओटीवर, मी इतकी फिरले की लादीला पायवाट पडली. डाळ करपली. भाकरी उलटली ती तव्याबाहेर. टेम्पोवाला दादा एकटाच बोलत होता. दादा माणूस सोन्यासारखा, पण एकटा बोलला की एसटी स्टँडवरची घोषणा वाटते. "बॉल टाकला. मारला. एक धाव." मी स्वयंपाकघरातून त्याला सुधारत होते. "अरे, मारला म्हणजे कसा मारला? झाडूनं झुरळ मारल्यासारखा की देवळाची घंटा वाजवल्यासारखा?" सासूबाई डोकं धरून बसल्या.

मला कुणी बोलावलं नाही. सामने भरवणाऱ्या मंडळाच्या मोबाईलच्या ग्रुपमध्ये मी अजून होते, सामन्यांची पत्रकं माझ्यापर्यंत येत होती, कुणी काढून टाकलं नव्हतं. कुणी नको म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या मनाशी धरून चाललेलं होतं की आता ही काय येते. नको म्हटलं असतं तर मी पदर खोचून गेले असते. धरून चालणाऱ्यावर हात कुठे उगारायचा?

पोराची तर वेगळीच कथा. पोटात असल्यापासून त्यानं माझी बडबड ऐकलेली. जगात आला तो तीच ऐकत. त्यामुळे त्याला शांततेची भीती बसली. बाकीची पोरं आवाजानं उठतात, हा शांततेनं उठायचा. सासूबाईंनी आपल्या पद्धतीनं त्याला निजवायचे प्रयत्न केले. दार लावायच्या, कुकरची शिटी काढून ठेवायच्या, शेजारच्या कोंबड्याला हाकलून यायच्या, पाळण्यापाशी बसून हळूच अंगाई म्हणायच्या, आणि तो असा काही किंचाळायचा की ते कोंबडं परत बघायला यायचं. मग मी चुलीपाशी बसून मोठ्यानं सांगायचे, "कांदा चिरायला घेतलाय, पहिला काप आडवा, डोळ्यांत पाणी, पण माघार नाही," आणि तिसऱ्या कापाला पोर झोपलेलं असायचं. सासूबाईंना हा आपल्या अंगाईचा अपमान वाटला. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बरंच झालं, तेवढं मलाच बोलता आलं.

पण खरी टोचणी निराळीच होती. एका दुपारी मी पाळणा हलवता हलवता ठरवलं, आज कांदा नको, दुपटं नको, आज याला एक मॅच सांगायची. जुनी, खरी, माझी. तोंड उघडलं. "गोलंदाज धावत आला," इथपर्यंत ठीक होतं. पुढे काय आलं असेल? "त्यानं ढेकर दिला." मी थांबले. परत सुरू केलं. "फलंदाज पुढे आला, रांगत." परत थांबले. षटकार मारला तर तो दुपट्यात पडला. सगळं असंच यायला लागलं. जिथे हात घालावा तिथे लंगोट. माझ्याकडे उपमांचं एवढं मोठं कोठार होतं, तीन तालुक्यांत पुरून उरेल असं, आणि त्याला कुणी कुलूप घालून चावी पाळण्याला बांधली होती. पोर रडायला लागलं. मी त्याला उचलून ओटीवर आले, भोंग्यावर उद्याच्या सामन्यांची घोषणा चालली होती, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. बोलावणं आलं नाही याची नव्हे. आलं आणि मी माईक हातात घेऊन काही बोलूच शकले नाही तर, याची.

दुसऱ्या दिवशी शनिवार. त्या दिवशी उपांत्य सामने, रविवारी फायनल. मी साडी नेसून, पोराला टोपी घालून दारात उभी.

"कुठं निघालीस?" सासूबाई वाल सोलत होत्या.

"मैदानावर."

"पोर?"

"घेऊन."

"धुळीत? उन्हात? बाळंतीण बाई तू."

"आई, बाई बाळंतीण कधीपर्यंत असते?"

"दुसरं होईपर्यंत," त्या म्हणाल्या आणि वालाची टोपली बाजूला सारली. मग कानाला स्कार्फ बांधला, छत्री घेतली आणि माझ्या हातातून पोर काढून घेतलं. "दे इकडं. बोलायला लागलीस की पोर कुठं ठेवलंस ते पण विसरशील तू."

मैदानावर सगळ्यांनी आमचं फार छान स्वागत केलं. इतकं छान की मला घाम फुटला. बायकांसाठी मांडवात खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातल्या पहिल्या रांगेतल्या दोन पुसून दिल्या. कोकम सरबत आलं. आणि भोंग्यातून दादाचा आवाज आला, "आमच्या वहिनी बाळासह उपस्थित आहेत, त्यांचं स्वागत." टाळ्या पडल्या. ज्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मी उभी राहून एवढी वर्षं बोलले, त्या ट्रॉलीवरून माझी उपस्थिती जाहीर झाली. मांडवामागे पोपटीचं मडकं लावलं होतं, वालाच्या शेंगांवर घातलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास येत होता. जुन्या दिवसांत त्या वासावर मी अख्खं षटक बोलले असते. आता सरबताचा ग्लास हातात धरून बसले होते, आणि माझी खुर्ची, माझं न ऐकता, इंचाइंचानं ट्रॉलीकडे सरकत होती.

"तो टोपीवाला कोण?" सासूबाईंनी विचारलं. त्या आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आल्या होत्या.

"पंच."

"मग तो पळत का न्हाय?"

"त्यानं पळायचं नसतं."

"बरं काम हाय." त्यांनी पोराची टोपी नीट केली. "आणि तो काळासावळा, तो बरा फेकतो. पण त्या दुसऱ्याला लांब उभा केलाय, जवळ उभा करायला हवा."

मला वैतागायला फुरसत नव्हती. मी उठले आणि ट्रॉलीपाशी गेले. दादाला म्हटलं, "दादा, एक ओव्हर."

दादानं माझ्याकडे बघितलं, मग अध्यक्षांकडे. अध्यक्ष म्हणजे मंडळाचे, आमच्याच गावातले. त्यांचे वडील गेल्या पावसाळ्यात वारले, यंदाचा चषक त्यांच्या स्मरणार्थ. टेबलावर म्हाताऱ्याचा हार घातलेला फोटो होता, आणि फोटोतला म्हातारा मैदानाकडे असा बघत होता की जणू कुणीतरी त्याच्या वावरात ढोरं सोडलीत. शेजारी अध्यक्षांची आई बसली होती, पदर डोक्यावरून, हात मांडीवर.

"वहिनी, तुम्ही आराम करा," अध्यक्ष म्हणाले. "बाळ लहान हाय."

"बाळाला मी बॅटिंगला न्हाय पाठवत."

"तसं नव्हं. दगदग कशाला." ते जरा घुटमळले. वाईट वाटू नये अशी त्यांची धडपड चालली होती आणि त्यातून त्यांना एक युक्ती सुचली. "असं करा. पाहुणे उशिरा आले म्हणून श्रद्धांजली राहिलीय. तेवढं तुम्ही म्हणा. बाईमाणसाच्या तोंडून ते बरं वाटतं."

म्हणजे मला माईक मिळाला तो गप्प बसण्यासाठी. कुणी मासळीवाल्याला दुकान दिलं आणि सांगितलं फक्त बर्फ ठेव, तसं. पण मी ट्रॉलीवर चढले. माईक हातात आला तेव्हा त्याची जाळी तोंडाला लागली, आणि तळव्याला असा घाम आला की माईक दोनदा निसटला. माझ्या मागे, खाली, ट्रॉलीला टेकून सासूबाई पोर घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, जेवढं म्हणायचं होतं तेवढंच म्हटलं, की सर्वांनी आपापल्या जागी उभं राहून बाबांना दोन मिनिटं शांतता पाळून श्रद्धांजली वाहावी. मैदान उभं राहिलं. खेळाडू, पंच, मांडवातल्या बायका, वडापाववाला झारा हातात घेऊन. भोंगा गप्प. इतकी शांतता पडली की खाजणातले खेकडे बिळातून बाहेर येऊन बघायला लागले.

मला हे आधी सुचायला हवं होतं. मैदानातल्या एवढ्या कलकलाटात पोर सकाळपासून गाढ झोपलं होतं. ती शांतता त्याच्या कानात शिरली आणि त्यानं डोळे उघडले.

पहिली किंकाळी माईकमधून गेली, कारण मी वाकून बघायला गेले होते. दोन्ही भोंग्यांतून ती अशी बाहेर पडली की रेवदंड्याच्या पुलावरची एक गाडी बाजूला झाली. सासूबाईंनी पाठीवर थोपटलं. बांगडी चोखायला दिली. छत्री उघडून मिटून दाखवली. पोर लाल, मग जांभळं. मैदानात कुणी मान वर केली नाही, सगळे खाली बघत होते, पण खाली बघून काय काय करता येतं ते मी त्या दिवशी पाहिलं. अध्यक्षांनी एक डोळा उघडला. दादा मला खुणावत होता, माईक बंद कर, बंद कर. बटन माझ्या अंगठ्याखाली होतं.

मी काही ठरवलं असं म्हणणार नाही. माझं तोंड उघडलं.

"सगळे उभे आहेत," मी अगदी खालच्या पट्टीत म्हटलं. "पंचांनी टोपी काढलीय. टोपीखाली केस थोडे आहेत, पण आहेत तेवढे उभे आहेत. यष्टिरक्षकानं ग्लोव्हज काखेत धरलेत."

पोर थांबलं. मीही थांबले. त्यानं छाती भरून घेतली.

"मिडविकेटला कुत्रं बसलंय," मी घाईनं म्हटलं, "त्यानं शेपूट थांबवलीय. बांधावर एक बगळा एका पायावर उभा आहे, दुसरा त्यानं बाबांसाठी वर घेतलाय." पोरानं श्वास सोडला. आता थांबायची सोय नव्हती. कुत्रं झालं, बगळा झाला, झाडं झाली, आणि पुढे सांगायला काही उरलं नाही म्हणून माझी नजर फोटोवर गेली. त्या म्हाताऱ्याशी मी जन्मात एक शब्द बोलले नव्हते.

"आपण उभे आहोत ते बाबांचं वावर," मी म्हटलं. "याच वावरात बाबांनी तरुणपणी एकदाच बॅट धरली. बॅट म्हणजे खाटेचा पाय, आणि बॉल मिळेना म्हणून घरातला नारळ. बाबांनी मारला. नारळ वर गेला. बाबांची बायको ओटीवरून म्हणाली, अहो, तो नारळ मी कालवणाला काढून ठेवला होता. बाबा म्हणाले, थांब, खाली आला की देतो. बाबा हात पसरून उभे राहिले. दुपार झाली, संध्याकाळ झाली, नारळ येईना. कुणी सांगितलं, रेवदंड्यावरून गेला. मुरुडहून निरोप आला, किल्ल्यावर तोफांनी माना वर करून बघितलं. हरिहरेश्वरला कुणाच्या तरी डोक्यावरून इतका जवळून गेला की त्याची टोपी आजपर्यंत फिरतेय. बाबांची पोरं मोठी झाली, लग्नं झाली, नातवंडं झाली. दर कालवणाला बायको विचारायची, नारळ? बाबा वर बघायचे. शेवटी गेल्या पावसाळ्यात बाबा म्हणाले, पुरे झालं, आता मीच वर जाऊन बघतो."

मी गप्प झाले, कारण पुढे काही नव्हतं. दोन मिनिटं कधीच सरली होती. कुणी बसलं नाही. पंच टोपी हातात धरून वर बघत होते. त्यांच्यामागे आणखी दोघं तिघं वर बघायला लागले. अध्यक्षांच्या आईनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते, पण पदराआड काय चाललं होतं ते मला ट्रॉलीवरून दिसेना. अध्यक्षांचा चेहरा मात्र दिसत होता, आणि तो फोटोतल्या चेहऱ्यासारखाच होता.

दादानं हळूच माझ्या हातातून माईक घेतला. "धन्यवाद वहिनी. सामना पुढे चालू."

मी खाली उतरले. पोर सासूबाईंच्या खांद्यावर लाळ गाळत झोपलं होतं. मी ट्रॉलीचं चाक धरून उभी राहिले. आणि मग माझ्या ध्यानात आलं, एवढं बोलले त्यात एकही दुपटं नव्हतं. ढेकर नव्हता, लंगोट नव्हता, कुणी रांगलं नव्हतं. नारळ माझा होता. टोपी माझी होती. सगळं थोतांड अगदी नखशिखांत माझं होतं, आणि ते मी एका माणसाच्या श्रद्धांजलीत, त्याच्या विधवेसमोर, त्याच्या मुलाच्या माईकवर ओतून बसले होते. आनंद व्हावा तर लाज वाटायची, लाज वाटावी तर आतून कुणीतरी उड्या मारायचं. दोन्ही सामने होईपर्यंत मी एका जागी बसू शकले नाही. मांडवाला फेऱ्या घातल्या. पोपटीचं मडकं फोडलं तेव्हा वालाच्या शेंगा हातात दिल्या कुणीतरी, त्या तशाच मुठीत गार झाल्या. आता मला पुन्हा माईक मिळणार की आयुष्यभर पहिल्या रांगेतली खुर्ची, हे त्या एका माणसाच्या हातात होतं आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

"आता बघ, तो बाद होणार," सासूबाई मधेच म्हणाल्या. "पाय हलवतच न्हाय मेला." तो बाद झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, शेजारच्या बाईला कोपर मारलं.

ऊन माडांच्या मागे गेलं, स्टंप उपटले, तेव्हा अध्यक्ष आमच्याकडे आले. मी उभी राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "आमच्या बाबांना क्रिकेट आवडायचं न्हाय. वावरात पोरं दिसली की स्टंप काढून चुलीत घालायचे."

मी मुठीतल्या गार शेंगा सोलायला लागले.

"त्यांच्या नावानं हा चषक ठेवला म्हणून आई माझ्याशी धड बोलत न्हवती. म्हणायची, त्यांच्याच वावरात त्यांची चेष्टा मांडलीस." त्यांनी खिशातला रुमाल काढला, मान पुसली, परत घडी घालून ठेवला. "आता विचारते, नारळ मिळाला का त्यांना."

"मग?"

"मला काय ठाऊक. तुम्ही सांगा तिला. उद्या फायनलला पहिल्या बॉलपासून तुम्हीच बोला, दादाला मी सांगितलंय. तिला पुढं बसवतो." ते जायला वळले, परत थांबले. "पोराला मात्र घरी ठेवा. फायनल मोबाईलवर लाईव्ह जाते. दुबईतली आपली पोरं बघतात. रडणं तिथवर नको."

घर दोन वावरांवर, पण अंधारात बांधावरून पोर न्यायचं नाही म्हणून सासूबाईंनी रस्त्यानं वळसा घालून जाणारी रिक्षा केली. रिक्षात मी त्यांच्या शेजारी बसले होते, पोर माझ्या मांडीवर. माझं मन उद्याच्या पहिल्या बॉलपर्यंत जाऊन पोचलं होतं, आणि नारळ आता कुठे न्यावा, पालीच्या बाजूला की सरळ समुद्रावर, याची जुळवाजुळव सुरू झाली होती. मधेच आठवलं, नवऱ्याची उद्या पहिली पाळी. म्हणजे एकच दार उरलं. मी आवाज गोड केला. माझा गोड आवाज रिक्षावाल्यालाही सहन झाला नाही, त्यानं मागे वळून बघितलं.

"आई," मी म्हटलं, "उद्याचा एक दिवस पोराला घरी सांभाळाल? दूध काढून ठेवते. जेवणाचं सगळं सकाळीच उरकते, तुम्हांला चुलीपाशी जायला नको. आल्यावर तुमचे पाय चेपते. आठवडाभर चेपते. आणि घरात महिनाभर मोठ्यानं बोलत न्हाय, देवाशपथ."

सासूबाईंनी कानावरचा स्कार्फ सोडला, रिक्षाबाहेर धरून त्यातली मैदानाची धूळ झटकली, घडी घातली.

"उद्या न्हाय जमायचं," त्या म्हणाल्या. "उद्या मला मॅच बघायची हाय."